तुडुमातली सत्तर बोटं

मृत्यूच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला अंतिम सत्य दिसतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मागच्या जानेवारीत मी त्या दारात अठ्ठेचाळीस मिनिटं उभी होते. मला शेवाळ दिसलं.

या भुताखेतांच्या सदरातले बहुतेक अनुभव "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असे सुरू होतात, आणि शेवटी लिहिणारा गळ्यात ताईत घालून बाहेर पडतो. माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. आमच्या घरात छप्पन सालापासून भूत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव वैनगंगेत सोडले, त्याच गाठोड्यात भुतंही गेली. लहानपणी मी एकदा परसात काहीतरी दिसलं म्हणून रडत आले, तर बाबांनी हातात बॅटरी दिली. म्हणाले, "जा, इचारून ये त्याले, काय काम आहे म्हणून." काम असणारं कोणी भेटलं नाही.

मी पवनीला राहते. एका तांत्रिक संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वय सेहेचाळीस, उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर, तलावांच्या जिल्ह्यात जन्मूनही पोहता येत नाही. शेवटच्या दोन गोष्टी पुढे लागतील.

गाव आसगावच्या बाजूला. नाव देत नाही, कारण तिथले सरपंच हे सदर वाचतात. गावाला एक जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातला तलाव आहे आणि तलावाला तुडूम. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी... तुडूम म्हणजे तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला लागून आतल्या बाजूला बांधलेली चौकोनी दगडी विहीर. साडेतीन फूट रुंद, बारा फूट खोल. तिच्या तलावाकडच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात आणि भोकांत लाकडी बुचं. बूच काढलं की तलावाचं पाणी तुडुमात उतरतं आणि तळच्या दारातून, पारीखालून, शेताच्या पाटाला लागतं. तळचं दार बंद ठेवलं तर पाणी जायचं कुठे? तुडूम भरत जातो, तलावाइतका होईपर्यंत.

पंचायतीला या तलावाची पातळी गावात बोर्डावर दिसायला हवी होती. मोठे लाल आकडे, चौकातून वाचता येतील असे. यंत्र मी करून दिलं.

तंत्र थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तलावातली एक बारीक नळी भिंतीतून तुडुमात येते. तिथे एक छोटी पेटी पाण्याचा दाब मोजते आणि तारेतून दर दोन सेकंदांनी एक ओळ पाठवते — आधी एक अक्षर, मग आकडा, मग ओळ संपल्याची खूण. पारीवरच्या खांबाला दुसरी पेटी आहे. तिच्यातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे काडेपेटीएवढा, सांगितलं तेवढंच करणारा संगणक, ती ओळ वाचतो आणि आकडा रेडिओने बोर्डाला कळवतो.

सोपं वाटतं. पण त्या बिचाऱ्याला २१४ हा आकडा कधी दिसतच नाही. त्याला २ दिसतो, मग १, मग ४. ते जोडून आकडा करायचा, हे आपण शिकवायचं. तो मधूनच वाचायला लागला तर २१४ चे १४ होतात. आणि तयार मिळणारं फंक्शन वापरलं तर ते सेकंदभर वाट पाहतं आणि काही आलं नाही तर शून्य देऊन मोकळं होतं. म्हणजे 'पाणी नाही' आणि 'मला माहीत नाही' या दोन्हींना एकच उत्तर. अहवालांमध्ये ही पद्धत चालते. तलावाला चालत नाही. म्हणून मी स्वतः लिहिलं — सुरुवातीचं अक्षर दिसलंच पाहिजे, मग फक्त अंक, मग शेवटची खूण. यातलं काहीही चुकलं तर ओळ फेकायची आणि बोर्डावर तीन रेघा दाखवायच्या. माझा बोर्ड अंदाज सांगत नाही, एवढा मला त्याचा अभिमान होता.

हे यंत्र जुळवायला मला दयारामजींनी मदत केली. दयारामजी म्हणजे गावचे पाणकर. कोणाच्या धानाला किती पाणी आणि कधी, हे चाळीस वर्षं त्यांनी ठरवलं. त्यांच्याकडे एक सोललेली बांबूची काठी होती. ती पाण्यात उभी करायची, बाहेर काढायची आणि ओल्या भागावर बोट आडवं ठेवत मोजायचं.

"लाभ... दोन... तीन... चार..."

"काकाजी, एक कुठं गेला?" मी विचारलं.

"एक म्हनू नाई बाई. एक म्हनलं तं एकच रायते." धान मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, हे मला माहीत होतं. पाणीही तसंच मोजतात, हे नव्हतं.

"आणि शून्य?"

"शून्य मोजाले मानूस कायले पाह्यजे?"

मी त्यांचं बोट पट्टीवर मोजून वहीत लिहिलं — दयारामजींचं एक बोट बरोबर एक पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर. माझ्या यंत्राचे आकडे आणि त्यांची काठी यांत कधी अर्ध्या बोटाचाही फरक आला नाही. त्यांना त्याचं काही कौतुक नव्हतं.

"आकडा तं सांगन जी तुमचा बोर्ड," ते म्हणाले. "धावन कोन?"

बुचांचंही त्यांनीच सांगितलं. नवं बूच जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून रात्रभर पाण्यात ठेवायचं. लाकूड फुगतं, मग ठोकायचं. मग ते निघत नाही, काढावं लागतं. हे मार्चमध्ये. श्रावणात दयारामजी गेले.

लोकार्पण सोहळा जानेवारीत ठरला. बोर्ड तेव्हा दोन महिने व्यवस्थित चालत होता, पण लोकार्पण झाल्याशिवाय आपल्याकडे वस्तू चालते असं धरत नाहीत. त्या दिवशी प्रमुख पाहुणे आधी तुडुमाच्या तळच्या दाराचं चाक फिरवून उन्हाळी धानाला पाणी सोडणार आणि मग मंडपात जाऊन बोर्डाचं उद्घाटन करणार, असा बेत होता. चाकाला लाल रिबन बांधली होती. चाकाला, तुडुमाच्या कठड्याला आणि बुचांनासुद्धा चंदेरी ऑईलपेंट. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो तलावाच्या फोटोपेक्षा मोठा होता. माझं नाव होतं, चुकीचं होतं.

सकाळी साडेदहाला सरपंचांचा फोन.

"मॅडम, बोर्डावर तीन रेघा दिसून राहिल्या जी."

"म्हणजे माहिती येत नाहीये. बोर्ड खरं सांगतोय."

"खरं मंग सांगू द्या ना. साहेब आले तं का त्याहिले रेघा दाखवाच्या? आज आकडा पाह्यजे."

मी स्कूटीवरून थेट पारीवर गेले. गाव तिथून अर्धा किलोमीटर. पारीवर चिटपाखरू नव्हतं, सगळे मंडपात. बॅग आणि फोन खांबाला अडकवले, बांबूची शिडी तुडुमात सोडली आणि उतरले. खाली कोरडं होतं. पेटी उघडली, तारेचा जोड हिरवा पडला होता. तार काढली, तिचं टोक वर दगडातल्या खिळ्याला अडकवलं. पेटीतलं तळहाताएवढं सर्किट-बोर्ड सोडवून घासायला हातात घेतलं. हे नीट सांगते, कारण यावर मला नंतर फार प्रश्न विचारले गेले आणि बहुतेक मीच विचारले. तारेचं टोक रिकामं लोंबत होतं. बोर्ड माझ्या हातात होतं. त्याला वीजही त्याच तारेतून येते. ते मेलेलं होतं.

तेवढ्यात वर खरखर झाली. मान वर केली तर शिडी वर चालली होती.

"ओ! ओ भाऊ!"

शिडी नेणारा मोबाइलवर गाणं लावून होता. उपसरपंचांनी त्याला बॅनर उंच बांधायला शिडी आणायला सांगितलं होतं आणि तुडुमातून बाहेर आलेली शिडी कोणी तरी विसरलंय, असं त्याला वाटलं. तुडुमात माणूस असेल असं त्याला का वाटावं? कार्यक्रम मंडपात होता.

मला राग आला, भीती नाही वाटली. दहा-पंधरा मिनिटांत कोणी येईल. दगडांत पाय रोवून चढायचा प्रयत्न केला. शेवाळ. दोनदा घसरले. दुसऱ्यांदा घसरताना आधाराला हात लावला तो कमरेजवळच्या चंदेरी बुचाला.

आणि बूच हललं.

ऑईलपेंट मारलेलं लाकूड पाणी पीत नाही. पाणी प्यालं नाही तर फुगत नाही. हे मला मार्चपासून माहीत होतं, आणि तरी उतरताना ती चमकणारी बुचं पाहून मी फक्त हसले होते. बूच अर्धं बाहेर सरकलं, तिरपं झालं आणि चारही बाजूंनी पाण्याची चादर फुटली. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. आत जाईना. सोडलं असतं तर पुरतं निघालं असतं आणि मग मिनिट-दोन मिनिटांचा मामला होता. हातातलं बोर्ड कधी अंबाड्यात खोचलं, आठवत नाही. पेन्सिल खोचायची सवय, तिथेच गेलं.

मी हिशेब केला. दुसरं करण्यासारखं नव्हतं. तळचं दार बंद. तलावाचं पाणी तुडुमाच्या तळापासून दोनशे चौदा सेंटिमीटर, म्हणजे तुडूम तिथपर्यंत भरणार. माझी उंची एकशे पंचावन्न. दार उघडायचं चाक वर, पारीवर, आणि त्याला रिबन. रिबन पाहुणे कापणार. माझा जीव पाहुण्यांच्या वक्तशीरपणावर होता.

मी ओरडले. खूप ओरडले. बारा फुटांचा दगडी चौकोन आवाज मलाच परत देत होता. वर दिसत होता आभाळाचा एक तुकडा, खिडकीएवढा, निळा, कोरडा. पाणी घोट्याशी आलं. जानेवारीचं पाणी... पाय आधी दुखले, मग दुखेनासे झाले, ते जास्त वाईट.

वर माझा फोन वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजला.

गावातून मात्र लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू येत होता. सूत्रसंचालन शाळेतले एक गुरुजी करत होते. "साहेब अवघ्या पाच मिनिटांत आपल्यात येत आहेत," हे त्यांनी पाच-पाच मिनिटांनी सांगितलं. मग एकदम त्यांचा सूर बदलला.

"आणि बंधू-भगिनींनो, बोर्ड सुरू झालेला आहे! पहा, पहा... अकरा! आता बारा! आकडा चढून राहिला आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या ऐकू आल्या. मी तिथेच, बूच दाबून, रागाने म्हणाले, "शक्य नाही." भीतीने नव्हे, मास्तरणीसारखं. तार माझ्या डोक्यावर लोंबत होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं. बोर्डावर रेघाच असायला हव्या होत्या. कोणीतरी काहीतरी दाबलं असेल, मी मनात म्हटलं. आणि तलाव तर दोनशे चौदा आहे. हा अकरा, बारा काय लावलाय?

पाणी गुडघ्याकडे सरकत होतं.

"तेवीस! ... चोवीस!"

साहेब येईपर्यंत वेळ काढायला गुरुजींना खेळ मिळाला होता. काही मुलं त्यांच्याबरोबर ओरडू लागली. मला तुडुमात उभ्या उभ्या माझ्याच बोर्डाचा आकडा ऐकवला जात होता आणि तो मला समजत नव्हता.

मांडीपर्यंत पाणी आलं तेव्हा मी एक हात सोडून ओढणी ओढून काढली आणि बोटांनी बुचाच्या भोवती ठासून भरायला लागले. तीन बाजू भरल्या. चौथी भरली. पाण्याची चादर पातळ झाली, मग नुसती झिरपू लागली. मी श्वास सोडला. पाणी चढायचं थांबलं.

"एकतीस," गुरुजी म्हणाले.

मग काहीच नाही. मग, "अजून एकतीसच." मग थोडा वेळ गाणं. मग, "एकतीसवर थांबलेला आहे! साहेबांची वाट पाहून राहिला वाट्टे!" हशा.

मी पाण्याकडे पाहिलं. ते मांडीवर जिथे होतं तिथेच होतं. ओढणी फुगत होती. आतून पाणी तिला ढकलत होतं आणि मी तिला दाबत होते. चार-पाच मिनिटं असं चाललं. मग ती एका कोपऱ्यातून निसटली, साप निघावा तशी सबंध बाहेर आली आणि चादर परत फुटली.

मी मनात म्हटलं, म्हणू नका.

"बत्तीस!" टाळ्या.

त्यानंतर मी ओरडले नाही. ओरडून काय सांगणार होते? अख्खं गाव माझं बुडणं मोजत होतं, टाळ्या वाजवत, आणि मोजणी अचूक होती. कमर... पोट... छाती. बूच पाण्याखाली गेलं, पाणी चढण्याचा वेग कमी झाला, तसे गुरुजींचे आकडेही लांबत गेले. अडुसष्ट आणि एकोणसत्तर यांच्यामध्ये त्यांनी ग्रामस्वच्छतेवर एक कविता म्हटली. पाणी हनुवटीखाली आलं. मी टाचा उचलल्या. आभाळाचा तुकडा तेवढाच होता.

"सत्तर."

आणि वरून आवाज आला. "मॅडम बाई! आत हाव का जी?"

"आहे!" मी म्हटलं असावं.

"हायेत वो, आतच हायेत! चाक फिरवा आधी!"

"आजी, साहेबाची रिबन हाय ना त्याले!" कोणी पुरुष म्हणाला.

"साहेबाले म्हनजो दुसरी काप. अन् तू सरक."

ती सायत्राबाई होती, दयारामजींची बायको. रिबन तिने विळ्याने कापली. चाक करकरलं, तळाशी पायांना ओढ लागली आणि पाणी खाली जायला लागलं. हनुवटी, खांदे, छाती... ज्या क्रमाने चढलं त्याच्या उलट, पण कितीतरी लवकर. मग शिडी आली. तिला बॅनरची दोरी बांधलेलीच होती. वर आले तेव्हा बॅनरवरचा पाहुण्यांचा अर्धा चेहरा फाटून पारीवर पडला होता, त्याच्यावरूनच मला नेलं.

सायत्राबाईच्या घरी तिने मला तिचं लुगडं नेसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि कोऱ्या चहाचा पेला हातात धरून पाजला. माझे दात वाजत होते, तरी मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मंडपासमोरच्या झाडाखाली बसली होती मी. बोर्ड दिसत होता."

"बोर्ड सगळ्यांनाच दिसत होता."

"सबन टाळ्या वाजवून राहिले होते. म्या म्हनलं, तलाव असा चढते का? पानी नाई, पाऊस नाई. असा तुडूमच चढते. अन् मॅडमची स्कूटी पारीवर, अन् मॅडम मंडपात नाई. दोन-तीन जनाईले सांगतलं तं म्हनत, बसा ना आजी, साहेब येऊन राहिले. मंग शेवटी उठली अन् शिडीच धरली. दोघं आले मांगं भांडत भांडत."

मग तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीकडे पाहत म्हणाली, "चाळीस वर्सं आयकली मी ते मोजनं. आधी रेघा होत्या बोर्डावर. मंग एकदम दोन आले. मले तवाच कसंतरी झालं. एक दिसला असता तं मी उठली नसती."

सरपंच आले, घाबरलेले. मी विचारलं, "फोन कशाला करत होता?"

"बोर्ड चालू झाला म्हून थँक्यू म्हनासाठी, मॅडम." मग खाली बघून, "नऊदा केला."

पाहुणे सव्वादोनला आले. नवी रिबन आणली होती. भाषणात ते म्हणाले, या यंत्राने आज एका भगिनीचे प्राण वाचवून विज्ञानाची शक्ती सिद्ध केली आहे. मी लुगड्यात पहिल्या रांगेत होते. त्यांनी बोर्डाकडे हात केला, फोटो निघाला. बोर्डावर तीन रेघा होत्या. पेटीतलं बोर्ड अजून माझ्या अंबाड्यातच होतं.

खांबावरच्या पेटीत एक मेमरी कार्ड आहे. आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट त्यात जाते. संध्याकाळी मी ते उघडलं, गुरुजींना खोटं पाडायच्या आशेने. अकरा एकतीसला आकडे सुरू होतात आणि बारा एकोणिसाला सत्तरवर संपतात. दर दोन सेकंदांनी एक ओळ. सुरुवातीचं अक्षर बरोबर, शेवटची खूण बरोबर. एकतीस हा आकडा पावणेपाच मिनिटं.

मोकळ्या तारेवर आजूबाजूच्या विजेची खरखर येते आणि तिच्यातून कधी कधी अंक निघतात, हे मला माहीत आहे. मीच शिकवते. पण खरखर क्रमाने मोजत नाही. कोडमधला एखादा मोजणी करणारा आकडा चुकून बोर्डावर गेला असेल? तो सेकंदासेकंदाने वाढला असता, माझ्या ओढणीसाठी थांबला नसता. दुसरं कुठलं यंत्र त्याच रेडिओवर बोललं? रेडिओ बोर्डाकडे जातो, कार्डावरच्या ओळी तारेतून आलेल्या आहेत. दोन सहकाऱ्यांना दाखवलं. एकाने म्हटलं, तू घाबरून तार काढलीच नसशील. मग खाली पेटीत असायला हवं होतं ते बोर्ड तुझ्या अंबाड्यात कसं, हे त्याने विचारलं नाही.

आणि आकडे. सेंटिमीटर नव्हेत ते. आठवड्याने मी पट्टी घेऊन तुडुमात गेले, पाणी जिथे थांबलं होतं तिथली रेघ वरच्या एका बुचाच्या चंदेरी रंगावर अजून दिसत होती. तळापासून एकशे तेहेतीस सेंटिमीटर. सत्तरला एक पूर्णांक नऊ दशांशने गुणा. मी तीनदा गुणलं.

अजून एक. दोन या आकड्याच्या आधी काही ओळी आलेल्या आहेत, मिनिटभराच्या. अक्षर बरोबर, खूण बरोबर, पण मध्ये अंक नव्हते. अंक नसलेली ओळ माझं कोड ठेवत नाही. 'ओळ फेकली' एवढीच नोंद करतं. मध्ये काय होतं, कुठला शब्द होता का, की नुसती खरखर... आता कळायला मार्ग नाही. सुरुवातीच्या ओळी बहुतेक वेळा खराबच येतात, हेही मी दरवर्षी शिकवते. त्या वर्गात अलीकडे माझा आवाज जरा लहान होतो.

तर स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर लिहा. कृपा करून तारेचं लिहू नका, तार मी काढली होती.

दर तीन महिन्यांनी मला त्या तुडुमात उतरावंच लागतं. बुचं आता चिंधीत गुंडाळलेली असतात. शिडी मी घरून नेते आणि तिच्या डोक्याशी सायत्राबाई बसते. मी उतरायला लागले की ती पायऱ्या मोजते, मोठ्याने, पहिल्या पायरीला लाभ म्हणून. मी मनात एकपासून मोजते. दोघींच्याही नऊच भरतात.